कळकलेलें पाणी

कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यांत ताक ठेवूं नये, हें कोणत्याही गृहिणीस सांगावें लागत नाहीं. ताकाचा आंबटपणा भांड्यांतील तांबें विरघळवितो आणि ताक कळकतें. अम्लाची व धातूची गांठ पडली कीं धातु पाण्यांत उतरूं लागतो. हाच नियम एखाद्या डोंगरास लागू झाला म्हणजे काय घडतें, तें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत पाहावयास मिळतें.

तेथील रेडिंग शहराजवळ आयर्न मौंटन नांवाचा डोंगर आहे. १८६० नंतरच्या दशकापासून १९६३ पर्यंत त्यांतून सोनें, रुपें, तांबें, जस्त आणि गंधकयुक्त खनिज काढण्यांत आलें. पुढें यंत्रें थांबलीं, माणसें निघून गेलीं. परंतु डोंगराच्या पोटांत सुरू झालेली क्रिया थांबली नाहीं.

ही क्रिया मूळांत साधी आहे. लोह आणि गंधक यांच्या संयोगानें झालेलें माक्षिक नांवाचें पिवळें चकचकीत खनिज भूगर्भांत युगानुयुगें निर्धोक पडून असतें, कारण तेथें त्यास हवा मिळत नाहीं. खाणीसाठीं खडक फोडला, टाकाऊ दगडांचे ढीग उघड्यावर पडले, म्हणजे हवा व पाऊस त्यास गांठतात. खडीसाखरेपेक्षां पिठीसाखर लवकर विरघळते, त्याचप्रमाणें खडकाचा जितका चुरा अधिक, तितकी ही क्रिया जलद. माक्षिकांतील गंधकाचें गंधकाम्ल होतें आणि लोह हिराकसाच्या रूपानें पाण्यांत उतरतें.

एवढ्यावर भागत नाहीं. पाण्यांतील हें लोह आणखी प्राणवायु घेतें आणि मग स्वतःच उरलेल्या माक्षिकावर तुटून पडतें. अम्लयुक्त पाण्यांत लोहाची ही दुसरी पायरी एरव्हीं फार मंद असते. पण लोहावर जगणारे सूक्ष्म जंतु ती लक्षावधि पट जलद करितात. खाणींच्या पाण्यांतील या जंतूंचें कार्य १९४७ सालीं कोल्मर व हिंकल या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. अशा रीतीनें अम्ल वाढत जातें आणि शेजारच्या खनिजांतील तांबें, जस्त व कॅडमियम आपल्यांत ओढून घेतें.

आयर्न मौंटनच्या पोटांतील पाण्याचा पीएच अंक उणें ३.६ पर्यंत उतरलेला आढळला. शुद्ध पाण्याचा अंक ७ आणि लिंबाच्या रसाचा सुमारें २. एक अंक उतरला कीं अम्लता दसपट वाढते. हें पाणी ओढ्यांवाटे सॅक्रमेंटो नदीस मिळे आणि तेथील सॅमन मासे मरत. माणसाला बाधणार नाहीं इतकें अल्प तांबेंही माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतें.

१९९४ पासून तेथें या पाण्यांत चुना मिसळण्याचा मोठा कारखाना चालू आहे. चुन्यानें अम्ल मारलें जातें, धातु गाळाच्या रूपानें खालीं बसतात आणि तो गाळ त्याच डोंगरावरील जुन्या खाणीच्या खड्ड्यांत सांठविला जातो. नदींत जाणाऱ्या धातूंपैकीं बहुतेक भाग आतां अडविला जातो. परंतु हा रोगाचा निरास नव्हे, नित्याचें पथ्य आहे. डोंगरांत उरलेलें माक्षिक सुमारें ३,००० वर्षें पुरेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. खाण शंभर वर्षें चालली. चुना घालण्याचें काम मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालवावें लागेल.

खरा उपाय आरंभींच करावयाचा असतो. माक्षिकयुक्त टाकाऊ माल पाण्याखालीं बुडवून ठेवला, अथवा चिकणमातीच्या थरानें झांकला, तर त्यास हवा फारशी पोंचत नाहीं आणि अम्ल बेतानेंच तयार होतें. यास खर्च येतो, व तो तांब्याच्या किंमतींत धरावा लागतो. तो टाळला तर पुढच्या पिढ्यांच्या माथीं बसतो. भांड्यास कल्हई करावयाची ती ताक ओतण्यापूर्वीं; ताक कळकल्यावर केलेली कल्हई त्या ताकाच्या उपयोगी पडत नाहीं.