दाबावरचा पहारेकरी



मराठीच्या अध्यापकाने विजेच्या मंडलाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. त्यामागे एक दुःखद अनुभव आहे. २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री घरातील दिवे एकाएकी प्रखर झाले आणि माझा संगणक जळाला. आपल्या ग्रंथालयातील जुन्या मासिकांची, दोन वर्षे खपून टिपलेली पाने त्यातच होती. सकाळी पाहतो तो फ्यूज शाबूत!

कारण पुढे उमगले. तीन फेजांच्या पुरवठ्यातील न्यूट्रलची तार तुटली होती. अशा वेळी ज्या फेजवर भार थोडा, तेथील दाब २३० व्होल्टवरून ३०० च्या वर, कधी ४०० च्या जवळही जातो. फ्यूज वितळतो तो प्रवाह वाढल्यावर. दाबाशी त्याचा थेट संबंध नाही. म्हणून दाबावर नजर ठेवणारा निराळा पहारेकरी हवा.

त्याचे कार्य तीन पायऱ्यांत चालते. पहिली पायरी नमुन्याची. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबाचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते. डायोड त्यास एकदिश करतो, कपॅसिटर ते धरून ठेवतो आणि दोन रोधांची जोडी त्याचा शंभरावा हिस्सा, म्हणजे सुमारे ३.२५ व्होल्ट, पुढे पाठविते.

दुसरी पायरी मापदंडाची. पुरवठा डळमळला तरी झेनर डायोडवरील दाब जवळपास स्थिर राहतो. क्लॅरेन्स झेनर या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाचे नाव त्यास मिळाले आहे. त्यांनी १९३४ मध्ये विद्युत्भंगाची मीमांसा केली होती. आपली मर्यादा २७० व्होल्ट असेल, तर या स्थिर दाबावरून ३.८२ व्होल्टचा मापदंड सिद्ध करतात.

तिसरी पायरी निर्णयाची. कंपॅरेटर नमुना आणि मापदंड यांची तुलना करतो. नमुना वरचढ होताच त्याचे उत्तर पालटते, रिले सुटते आणि पुरवठा खंडित होतो. दाब सीमेवरच घुटमळला तर रिले सारखी उघडमीट करील. म्हणून पुन्हा जोडणीची मर्यादा खाली, समजा २५५ व्होल्टवर, ठेवतात.

या पहारेकऱ्यासही मर्यादा आहे. रिलेला हालण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात; विजेच्या कडकडाटासरशी येणारा क्षणिक आघात त्याहून कितीतरी शीघ्र असतो. त्यासाठी व्हॅरिस्टरसारखा वेगळा रक्षक लागतो.

शताब्दीच्या निमित्ताने जुन्या ग्रंथांची पाने संगणकात उतरविण्याचा आपला मानस आहे. माझी कार्यकारिणीस दोनच विनवण्या आहेत : काम आरंभण्यापूर्वी जाणकार तंत्रज्ञाकडून हा पहारा बसवावा आणि प्रत्येक पानाची दुसरी प्रत अन्य ठिकाणी ठेवावी. पहिल्या विनवणीने यंत्र वाचेल. अक्षर वाचेल ते दुसरीने. माझे दोन वर्षांचे श्रम गेले, ते याच दुसऱ्या गोष्टीच्या अभावी.