वीस मिनिटांची एक बाजू : प्रोग्रेसिव्ह रॉकची तोंडओळख



या स्मृतिव्याख्यानासाठी शाळेने मला बोलावले, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. विषय कळवल्यावर चालकांपैकी एकांनी दूरध्वनीवरून अत्यंत सौजन्याने विचारले, "सर, विषय नक्की हाच ना?" त्यांची शंका रास्त होती. ज्याने आयुष्यभर ज्ञानेश्वरी आणि नवकाव्य शिकवले, त्याने इंग्लंडमधल्या विजेवर चालणाऱ्या गिटारींवर बोलावे, हे निमंत्रणपत्रिकेत जरा चमत्कारिकच दिसते. पण ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते आपले सर असते तर त्यांनी हा प्रश्न विचारला नसता. वर्गात एखादी कविता कुणाला दुर्बोध वाटली की ते एवढेच म्हणत, "किती वेळा वाचलीस?" आजच्या विषयाकडे आपण त्याच दृष्टीने पाहावे, अशी माझी विनंती आहे.

प्रारंभी नावाविषयी. 'प्रोग्रेसिव्ह'चे मराठी करू गेल्यास 'पुरोगामी' हा शब्द हाताशी येतो आणि लगेच डोळ्यांसमोर एखादी परिषद, तिचे ठराव आणि घोषणा उभ्या राहतात. 'प्रगतिशील' म्हणावे तर लेखक संघाची आठवण होते. 'प्रयोगशील' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. परंतु ज्याचा प्रयोग पुढे ठरीव साचा होऊन बसतो, त्यालाही आपण प्रयोगशीलच म्हणत राहतो, आणि या संगीताचे काहीसे तसेच झाले. म्हणून मी मूळ नावच वापरणार आहे. आपण हार्मोनियमला पेटी म्हटले, पण गिटारला गिटारच म्हणतो. त्यात मराठीचे काही बिघडलेले नाही.

हे संगीत समजण्यासाठी आधी एका वस्तूकडे पाहावे लागते, ती म्हणजे तबकडी. आपल्या आजोबांच्या पिढीने अब्दुल करीम खाँसाहेब ऐकले ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर. राग कितीही विस्तीर्ण असो, सुई आत पोचली की गाणे संपले. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. आपल्या इंदुरात वाढलेल्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची १९६० सालची ध्वनिमुद्रिका पुष्कळांच्या घरी असेल : एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. त्या संथ बढतीला तबकडीवर जागा मिळाली ती या वीस मिनिटांमुळे. पाश्चात्त्य रॉक संगीत मात्र बराच काळ तीन मिनिटांच्या गाण्यातच रमले होते, कारण आकाशवाणीसारखी तिकडची केंद्रे आणि नाणे टाकून गाणे वाजवणारी यंत्रे यांना तेवढेच हवे असे. मोठ्या तबकडीवर अशी दहा-बारा सुटी गाणी भरली जात. १९६७ च्या सुमारास काही इंग्रज तरुणांना वाटू लागले की एवढी मोकळी जागा आहे, तर तिच्यात एकच गोष्ट का सांगू नये?

त्या वर्षी बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला. त्याच वर्षाच्या अखेरीस मूडी ब्लूज या वाद्यवृंदाने 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस आहे आणि गाण्यांना सिंफनी पद्धतीच्या वादनाने सांधलेले आहे. देवासला कुमार गंधर्वांनी 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' असे एकेका ऋतूभोवती कार्यक्रम बांधले, ते ज्यांनी ऐकले असतील त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही, तसे सुचवण्याचा माझा हेतूही नाही. परंतु सुटी रचना पुरेशी न वाटणे, ही अस्वस्थता एकाच जातीची आहे.

खरा प्रारंभ बहुतेक जाणकार १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या किंग क्रिमसनच्या 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' या ध्वनिमुद्रिकेपासून मानतात. पाचच रचना. पहिली कानठळ्या बसवणारी, व्हिएतनामच्या युद्धाची सावली असलेली. तिच्या मधल्या भागात गिटार, सॅक्सोफोन आणि तालवाद्ये एकत्र वेगाने धावतात, एकदम थांबतात, पुन्हा धावतात, आणि कुणाचेही पाऊल चुकत नाही. लगेच दुसरी रचना बासरीची, अगदी हलक्या आवाजातली. मुखपृष्ठावरचा तो किंचाळणारा लाल चेहरा बॅरी गॉडबर या तरुणाने रंगवला. तो संगणकाचे काम करी. ध्वनिमुद्रिका आल्यावर थोड्याच महिन्यांत, १९७० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो गेला.

या ध्वनिमुद्रिकेत व्हायोलिनांचा मोठा ताफा वाजतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो मेलोट्रॉन आहे. या वाद्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण मला त्याचा विशेष लोभ आहे. दिसायला पेटीसारखे पट्ट्यांचे वाद्य; परंतु प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा तो एक स्वर मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकते, स्वर वाजतो. फीत सुमारे आठ सेकंदांची. तेवढ्यात बोट उचलले नाही तर स्वर संपून जातो. म्हणजे या वाद्याला श्वास आहे आणि तो गायकाच्या श्वासासारखाच संपतो. फिती किंचित थरथरतात, म्हणून त्या स्वरात एक जुनेपणा, एक हुरहूर येते. हे यंत्र पोटावर पाय देईल अशी भीती तिकडच्या वादकांच्या संघटनेला वाटली होती. आपल्याकडे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती पुढे अनेक वर्षे टिकली, हे आठवले म्हणजे नव्या वाद्यांचे नशीब सगळीकडे सारखेच असते असे दिसते.

तालाच्या बाबतीत आपला श्रोता इंग्रज श्रोत्याहून सुदैवी आहे. रॉक संगीत बहुतांशी चारांच्या हिशेबाने चालते. पाच किंवा सात मात्रा आल्या की तिकडचा नवखा श्रोता गोंधळतो. ज्याने रूपक आणि झपताल ऐकला आहे, त्याने का गोंधळावे? पिंक फ्लॉइडच्या 'मनी' या गाण्याचा ठेका सातांचा आहे. नाण्यांचा खणखणाट, कागद फाडण्याचा आवाज, दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राचा आवाज असे सात ध्वनी मुद्रित करून, फिती मोजून कापून, त्यांचे कडे जोडले आणि ते फिरत ठेवले. सॅक्सोफोन त्याच सातांत वाजतो. गिटारची पाळी आली की ठेका चारांवर येतो. मांडीवर बोटे मोजत हे गाणे ऐकावे. त्यात रूपकाची खाली-भरी शोधू नये, ती तेथे नाही. आवर्तन मात्र आहे.

तेव्हा नवख्याने आरंभ कोठून करावा? माझे मत स्पष्ट आहे : पिंक फ्लॉइडपासून. काही कडवे रसिक त्यांना या पंथात धरतच नाहीत. तो वाद त्यांना लखलाभ असो. 'द डार्क साइड ऑफ द मून' मार्च १९७३ मध्ये आली आणि १९८८ पर्यंतच्या काळात अमेरिकेतल्या खपाच्या यादीत एकूण ७४१ आठवडे राहिली. वेळ, पैसा, प्रवास, वेड, मृत्यू असे तिचे विषय आहेत आणि शब्द सोपे आहेत. तिच्यामागून १९७५ सालची 'विश यू वेअर हिअर' ऐकावी. तिच्यातली 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' ही नऊ भागांची रचना सिड बॅरेट या मित्राविषयी आहे. वाद्यवृंदाच्या आरंभीची बहुतेक गाणी त्याची. पुढे मन ढासळले आणि १९६८ साली सोबत्यांनी त्याला मागे ठेवून वाट धरली. जून १९७५ मध्ये लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत या ध्वनिमुद्रिकेचे काम चालू असताना डोके आणि भुवया भादरलेला एक स्थूल माणूस आत येऊन बसला. बराच वेळ कुणी त्याला ओळखले नाही. तो सिड होता. ज्याच्या विरहाचे गाणे चालले होते तो समोर बसलेला आणि त्याची ओळख पटत नाही, असा प्रसंग एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते. सिड २००६ साली केंब्रिजमध्ये वारला. त्या रचनेच्या आरंभी गिटारचे चार स्वर येतात, थांबतात, पुन्हा येतात. इंग्रजी मुळीच येत नसलेल्या माणसालाही ते कळतात, असा माझा अनुभव आहे.

जेनेसिसचा उल्लेख शाळेत व्हायलाच हवा, कारण तो वाद्यवृंद शाळेतच जन्मला. सरे परगण्यातल्या चार्टरहाउस या शाळेतली ही मुले. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली ती त्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याच्या खटपटीने, ही गोष्ट माजी विद्यार्थी संघाने टिपून ठेवावी. नावावरून ती धार्मिक समजून दुकानदारांनी प्रवचनांच्या शेजारी ठेवली, असे सांगतात. १९७२ च्या 'फॉक्सट्रॉट'मधली 'सपर्स रेडी' ही तेवीस मिनिटांची रचना सात भागांत चालते आणि बायबलमधल्या शेवटच्या ग्रंथातल्या नव्या जेरुसलेमपाशी पोचते. पीटर गॅब्रिएल ती सोंगे घेऊन गाई. संगीत नाटकावर वाढलेल्या माणसाला ती पाहताना घरी आल्यासारखे वाटेल.

जेथ्रो टल या वाद्यवृंदाचे नाव ज्या इंग्रज शेतकी-तज्ज्ञावरून घेतले, त्याने १७०१ च्या सुमारास पेरणीचे यंत्र केले. आपला शेतकरी तिफण चालवीत होता हे त्याच्या गावी नसावे. त्यांच्या १९७२ सालच्या 'थिक अॅज अ ब्रिक'मध्ये दोन्ही बाजू मिळून एकच गाणे आहे, आणि ते आठ वर्षांच्या एका काल्पनिक बालकवीच्या कवितेवरून रचले आहे असे वेष्टणावर गंभीरपणे छापले होते. हेतू थट्टेचा होता. पुष्कळांना ती कळली नाही.

आता येस. या वाद्यवृंदाचा आपल्याशी खरा धागा आहे, म्हणून येथे मी जरा रेंगाळणार आहे. गायक जॉन अँडरसनने १९७३ साली परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र वाचले. त्यातल्या एका तळटीपेत शास्त्रांचे श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र असे चार वर्ग सांगितले आहेत. त्या तळटीपेवरून 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' ही दोन तबकड्यांची, चार बाजूंची ध्वनिमुद्रिका झाली. प्रत्येक बाजू वीस मिनिटांच्या आसपास. शीर्षकांत अनुक्रमे प्रकट ज्ञान, स्मरण, प्राचीनता आणि विधी हे शब्द येतात. मांडणी पाहून मला कौतुक वाटले. ऐकून समाधान झाले नाही. पहिली आणि चौथी बाजू भरीव आहेत, मधल्या दोन पातळ. चार बाजू भरायच्या आहेत म्हणून संगीत ताणले गेले आहे. त्यांचा पेटी-पियानोवादक रिक वेकमन याचेही हेच म्हणणे होते. कंटाळून त्याने मँचेस्टरच्या कार्यक्रमात रंगमंचावरच करी-भात खाल्ला आणि १९७४ मध्ये वाद्यवृंद सोडला. श्रुती म्हणजे ऐकलेले. तळटीप हा श्रवणाचा मार्ग नव्हे, असे मराठीचा अध्यापक म्हणून मला म्हणावेसे वाटते. मात्र आपल्यातल्या किती जणांनी ती तळटीपही वाचली आहे, हा प्रश्न मी सभागृहात विचारणार नाही.

१९७६ नंतर हा बहर ओसरला. पंक नावाची नवी पिढी आली. तिला हे सारे सुखवस्तू मुलांचे फुगवलेले कौतुक वाटे. पिंक फ्लॉइडच्या नावापुढे द्वेषाचे दोन शब्द खरडलेला सदरा घालून त्यातला एक गायक हिंडे. तो आरोप सर्वस्वी खोटा नव्हता. इमर्सन, लेक अँड पामर या त्रयीने १९७१ मध्ये मुसोर्गस्कीची रचना आपल्या पद्धतीने वाजवून दाखवली, ते धाडस होते. १९७७ मध्ये त्यांनी अख्खा सिंफनी वाद्यवृंद दौऱ्यावर नेला, ते आर्थिकदृष्ट्या आत्मघातकी ठरले आणि वादकांना वाटेतूनच परत पाठवावे लागले. तरीही प्रवाह आटला नाही. कॅनडात रश, इंग्लंडात मॅरिलियन आणि पुढे पॉर्क्युपाइन ट्री, अमेरिकेत ड्रीम थिएटर यांनी तो पुढे नेला. किंग क्रिमसनने २०२१ च्या डिसेंबरात टोकियोमध्ये आपला शेवटचा कार्यक्रम केला, त्या वेळी पहिल्या ध्वनिमुद्रिकेला बावन्न वर्षे झाली होती.

हे सगळे आज, या शाळेत, का सांगायचे? स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक श्रवण मोजले जाते. म्हणजे तीस सेकंदांत पकडेल असेच गाणे करण्याकडे करणाऱ्याचा कल राहणार. माझ्या समोर बसलेल्या तरुण मुलांना मारवा ऐका म्हटले तर ती आदराने मान हलवतील आणि ऐकणार नाहीत. हे मी कडवटपणाने सांगत नाही, मी अनेक घरांत पाहिले आहे. विजेच्या गिटारीचा आवाज मात्र त्यांच्या कानाला सवयीचा आहे. त्या आवाजातून जर वीस मिनिटे बसण्याची, मुखडा परत येण्याची वाट पाहण्याची सवय लागली, तर तीच सवय घेऊन ती उद्या अमीर खाँसाहेबांकडे जाऊ शकतील. जातीलच असे नाही. आणि ज्येष्ठांनी, जे मारवा ऐकत आले आहेत त्यांनी, नातवंडांच्या खोलीतून येणाऱ्या आवाजाला गोंगाट म्हणण्यापूर्वी त्यातल्या मात्रा मोजून पाहाव्यात.

आता मी थांबतो. संयोजकांनी येथे तबकडी वाजवण्याची व्यवस्था केली आहे. येसची १९७२ सालची 'क्लोज टू द एज' : पहिली संपूर्ण बाजू म्हणजे एकच रचना, साडेअठरा मिनिटांहून किंचित अधिक. हेसेच्या 'सिद्धार्थ' या कादंबरीचा, नदीकाठी बसून ऐकायला शिकणाऱ्या ब्राह्मणपुत्राचा, तिच्यावर प्रभाव आहे. पहिले मिनिटभर पाखरे आणि पाणी ऐकू येईल. यंत्र बिघडले असे समजू नये. त्यानंतरची दोन मिनिटे कठीण आहेत, ती सोसावीत. बाराव्या मिनिटाच्या सुमारास लंडनच्या एका चर्चमधला मोठा ऑर्गन येईल आणि मग आरंभीचा मुखडा परत येईल. दारे बंद करून घेतली आहेत. चहा त्यानंतर आहे.