मिऱ्याचा वास



जन्मभर मद्यास न शिवलेल्या एका निवृत्त शाळामास्तरानें वाईनविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. ती प्यावी असें सुचविण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. एका द्राक्षानें मला उतारवयांत जो धडा दिला, तेवढाच सांगावयाचा आहे.

माझी कन्या फ्रान्स देशांत ल्यों शहरीं असते. तिच्याकडे गेलों असतां तिनें व जांवईबापूंनीं मला रोन नदीच्या कांठीं आंप्वी गांवीं नेलें. तेथील उभ्या चढणीवर दगडी बांध घालून 'सिरा' नांवाच्या काळ्या द्राक्षाचे वेल लावलेले आहेत. या उतारांस 'कोत रोती', म्हणजे 'भाजलेला उतार' म्हणतात. नांवावरून प्रदेश उष्ण वाटेल. पण तसें नाहीं. या द्राक्षाच्या मानानें तो मुलूख थंडच. तेथें तें पिकावयाचें तर टेकडीनें सूर्याकडे तोंड करून उभें राहिलें पाहिजे, म्हणून तें नांव.

हें द्राक्ष इराणांतील शिराज नगरींतून आलें अशी एक दंतकथा आहे. परंतु १९९८ च्या सुमारास आनुवंशिक परीक्षेवरून ठरलें, कीं त्याचे आईबाप फ्रान्समधीलच दोन जुन्या जातींचे वेल होत. १८३२ च्या सुमारास जेम्स बझ्बी यांनीं तें ऑस्ट्रेलियास नेलें. तेथें त्याला 'शिराझ' म्हणतात. तेथील बारोसा खोऱ्याच्या कडक उन्हांत फळांत साखर फार चढते, साखरेचा मद्यार्क होतो, आणि वाईन जड व मुरांब्यासारख्या वासाची उतरते. थंड हवेंत तेंच फळ सावकाश पिकतें. आंबटपणा टिकतो, मद्यार्क बेताचा राहतो. रंग गडद असूनहि अंग हलकें असतें. वासांत जांभळ्या फुलांची, रानफळांची, किंचित् धुराची छटा असते; आणि त्या सर्वांवर ताज्या कुटलेल्या काळ्या मिऱ्याची.

निदान असें सर्व म्हणतात. त्या रात्रीं जेवणाच्या वेळीं कन्येनें पेला माझ्या नाकाशीं धरला व विचारलें, "बाबा, मिऱ्याचा वास येतो ना?" मीं हुंगलें. फळांचा वास आला, मिऱ्याचा नाहीं. जांवईबापूंना आला, जेवावयास आलेल्या शेजारीणबाईंनाहि आला. मीं पुन्हां हुंगलें, व्यर्थ! मला वाटलें, ही सारी ऐकीव गोष्ट. एकानें म्हटलें म्हणून दुसरा म्हणतो.

पुढें चौकशी केली. ॲडिलेड येथील ऑस्ट्रेलियन वाईन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं या वासाचें मूळ द्रव्य शोधून काढलें. त्याचें नांव रोटंडोन. मिऱ्यांतहि तेंच असतें. द्राक्षाच्या सालींत तें सांठतें. थंड, ओलसर वर्षीं व सावलींतल्या घोसांत अधिक, कडक उन्हांत कमी. गंमत अशी, कीं हें द्रव्य पूर्वीं आपल्या नागरमोथ्यांत सांपडलें होतें. जो लव्हाळा शेतकरी खुरपून टाकतो आणि ज्याच्या गांठी दिवाळीच्या उटण्यांत पडतात, त्याच्याच शास्त्रीय नांवावरून तें ओळखलें जातें. एक लिटर वाईनमध्यें एका ग्रॅमचे अवघे १६ अब्जांश असले, तरी वास जाणवतो.

परंतु सर्वांना नाहीं. त्याच शास्त्रज्ञांना आढळलें, कीं परीक्षकांपैकीं सुमारें पांचांत एकाला तें द्रव्य पुष्कळ वाढविलें, अगदीं साध्या पाण्यांत मिसळलें, तरी त्याचा गंधच येत नव्हता. मिऱ्याचा तिखटपणा निराळ्या द्रव्याचा. तो मला कळतो. हा वास मात्र माझ्या नाकाला दिलेलाच नसावा.

हें वाचलें आणि मला चौथीच्या वर्गांतील एक मुलगा आठवला. सुमारें अडतीस वर्षांपूर्वींची गोष्ट. नकाशांत हिरव्या रंगाच्या जागीं त्यानें तांबडा भरला होता. मीं दटावलें, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, दोन्ही सारखेच दिसतात." मला तो उद्धटपणा वाटला आणि मीं त्याच्या हातावर दोन पट्ट्या मारल्या. कांहीं मुलांना जन्मतःच हे दोन रंग वेगळे दिसत नाहींत, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. कळलें तरी तो मुलगा तेव्हां आठवला नाहीं. तो आठवण्यासाठीं मला स्वतःला एका पेल्यापुढें खोटें ठरावें लागलें.

त्या रात्रीं मला कोणी पट्टी मारली नाहीं. कन्या एवढेंच म्हणाली, "असूं द्या बाबा, नसेल येत." तेवढें वाक्य मला त्या वर्गांत सुचावयास हवें होतें.

तो मुलगा आतां पन्नाशीच्या घरांत आला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडत असेल तर त्याला सांगतों: बाळ, तूं खरें बोलत होतास. चूक माझी होती.