आजाऱ्याच्या भेटीला जाताना
(गोराई येथील सभेत केलेले भाषण)



पाड्यावर आजाऱ्याला भेटायला आपण रिकाम्या हाताने जात नाही. मीही गेले नव्हते. डायलिसिसवर असलेल्या एका काकांना मी शहाळी आणि डझनभर केळी दिली. अंगात शक्ती येईल, एवढाच विचार. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायांतले बळ गेले. बोटीने खाडी ओलांडून त्यांना रुग्णालयात नेले, तेव्हा रक्तातले पोटॅशियम फार वाढलेले होते. तातडीने डायलिसिस झाले म्हणून ते वाचले. काकूंनी मला बोल लावला नाही, पण मी ते विसरलेले नाही.

निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. मूत्रपिंड निकामी झाले की ते दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत रक्तात साठते. फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, बंदही पडतात. म्हणून शहाळे, केळी, संत्री, सुकामेवा नेऊ नका. कमरख तर मुळीच नको. ते या रुग्णांच्या मेंदूला घातक ठरते. ‘कमी सोडियम’चे मीठही नको, त्यात बहुधा पोटॅशियमच असते. सफरचंद किंवा अननसाची फोड बेताने चालते. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडावी आणि ते पाणी फेकून द्यावे.

खारवलेली मासळी, पापड, लोणचे यांनी तहान वाढते. प्यालेले पाणी अंगात साठते, सूज येते, धाप लागते. दिवसभराच्या लघवीइतके अधिक सुमारे अर्धा लिटर, असा साधारण हिशेब असतो. चहा, पेज, डाळीचे पाणी, ताडी, सारे त्यातच धरायचे.

मग न्यावे काय? अंडी न्या, ताजी मासळी न्या. डायलिसिसपूर्वी प्रथिने कमी करायला सांगतात. ते पथ्य पुढेही पाळून कित्येक जण खंगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र प्रथिने जास्त लागतात. ५० किलोच्या माणसाला रोज ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. प्रत्येकाचे प्रमाण डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील.

आणि बोटीचे, रिक्षाचे भाडे द्या. डायलिसिसची एक पाळी चुकली, तर कोणतेही पथ्य ती भरून काढत नाही.

काकांकडे मी आजही जाते. आता आधी काकूंना विचारते, “काय आणू?” त्या म्हणतात, “अंडी आण, बाय.”