चुकले तरी हरवू नये
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज काहीतरी बोला असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी म्हटले, ‘‘मजजवळ सांगण्यासारखी एक चूकच आहे.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग तीच सांगा.’’ म्हणून ती चूक, आणि तिच्यापायी उतारवयात शिकलेली एक विद्या, आपल्यापुढे ठेवते.

आपल्या काकूंनी मंडळाच्या आरंभीच्या आठवणी सांगाव्या आणि मी त्या संगणकावर उतरवून घ्याव्या, असे २०२३ साली ठरले. उसन्या आणलेल्या चार यंत्रांवर शिवणवर्ग कसा चालला, छप्पर गळू लागले तेव्हा बायकांनी आपल्या घोंगड्या यंत्रांवर कशा पांघरल्या, हे सारे त्यांनी सांगितले. फाईलींची नावे मी ठेवली ‘आठवणी अंतिम’, मग ‘आठवणी अंतिम दोन’, मग ‘आठवणी खरोखर अंतिम’. पुढे काकू गेल्या. महिन्याभराने मजकूर नीट करावा म्हणून बसले, तो चुकून जुनीच फाईल उघडली, आणि तीच नव्या फाईलीच्या नावाने जतन केली. शिवणवर्गाची आठ पाने गेली. पुन्हा विचारावे, तर काकू नव्हत्या.

त्या रात्री मी जेवले नाही. सूनबाई पुण्यात संगणकाच्याच कामात आहे. ती म्हणाली, ‘‘आई, झाले ते झाले. पण यापुढे असे होणार नाही, अशी सोय आहे. तुम्ही गिट शिका.’’ मी म्हटले, ‘‘अगं, ते तुम्हां शिकलेल्या मुलींचे काम.’’ ती हसली. ‘‘मंडळाचे इतिवृत्त तुम्ही बारा वर्षे लिहिलेत ना? मग अर्धे गिट तुम्हांला येतेच.’’

हे साधन मोठ्या अडचणीतून जन्मले आहे. लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीवर जगभरची माणसे एकाच वेळी काम करतात. त्यांतील बदलांची नोंद ठेवण्यासाठी २००२ पासून ती मंडळी दुसऱ्या एका कंपनीचे साधन वापरीत. ते फुकट वापरण्याची सवलत २००५ साली बंद झाली. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षीच्या एप्रिलात गिट लिहावयास घेतले, आणि थोड्याच महिन्यांत त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे सोपविली. ते कोणालाही विनामूल्य मिळते.

आता माझी फजिती ऐका. गिट संगणकावर बसविताना ते प्रश्नांमागून प्रश्न विचारते. मी प्रत्येकाला ‘पुढे’ म्हणत गेले. मग ज्या कप्प्यात आठवणी होत्या, तेथे ‘गिट इनिट’ असे लिहिले. त्याने एक लपलेला कप्पा तयार होतो. पुढच्या साऱ्या नोंदी त्यात राहतात. पहिली नोंद करावयास गेले, तो पडद्यावर इंग्रजीत उमटले, ‘कृपया आपण कोण ते सांगा!’ मी चपापले. सूनबाई म्हणाली, ‘‘प्रत्येक नोंदीवर करणाऱ्याचे नाव आणि वेळ पडते, म्हणून विचारते आहे.’’ मी माझे नाव घातले. घरात आणि मंडळात आजवर केलेल्या किती कामांवर आपले नाव पडले, असा विचार त्या क्षणी मनात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी नोंदीचे कारण लिहावयाचे विसरले, तर ‘व्हिम’ नावाची खिडकी उघडली. लिहू गेले तर अक्षरे उमटेनात, आणि बाहेरही पडता येईना. अखेर पुण्याला फोन केला. ‘एस्केप’ दाबा, मग विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, मग ‘क्यू’ आणि उद्गारचिन्ह. अशी सुटका झाली! आणखी एक गंमत म्हणजे, फाईलीचे मराठी नाव गिट दाखवी ते उलट्या तिरक्या रेघा आणि ३४०, २४४ अशा आकड्यांत. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही खूण बंद केल्यावर ‘आठवणी’ पुन्हा ‘आठवणी’ दिसू लागल्या.

मूळ रीत मात्र आपल्या सभेसारखीच आहे. मी लिहिते, खोडते, ही झाली आपली चर्चा. ‘गिट अ‍ॅड’ म्हणजे त्यातले काय नोंदवायचे ते निवडून पुढे ठेवणे. ‘गिट कमिट’ म्हणजे इतिवृत्त कायम करणे. सोबत कारण लिहावे लागते. ‘गिट लॉग’ म्हटले की सारी जुनी इतिवृत्ते तारीखवार पुढे येतात. ‘गिट डिफ’ काय गेले, काय आले ते ओळीओळीने दाखविते. म्हणून मी आता प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिते, आणि वर्डऐवजी साध्या मजकुराच्या फाईलीत, कारण वर्डमधले बदल ते असे उलगडून दाखवीत नाही. आणि चूक झालीच, तर ‘गिट रिस्टोअर’ म्हणून शेवटच्या नोंदीतला मजकूर परत आणता येतो.

पण भगिनींनो, एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. जे कधी नोंदविलेच नाही, ते गिटही परत देत नाही. काकूंची आठ पाने मला मिळाली नाहीत. शिवाय संगणकच बिघडला तर आतल्या नोंदीही त्याच्याबरोबर जातील; म्हणून दर शनिवारी मी सर्व नोंदींसह एक प्रत दुसरीकडे ठेवते.

तेव्हा आज मी मागणे मागावयास उभी आहे. काकूंच्या तोंडून शिवणवर्गाच्या गोष्टी आपल्यापैकी ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांनी चार वाक्ये का होईना, मला सांगावी. दोघींनी सांगितली आहेत. प्रत्येकीचे सांगणे मी वेगळे नोंदविते, आणि कारणाच्या जागी तिचे नाव लिहिते. दोघींच्या सांगण्यात फरक पडला, तरी एकीसाठी दुसरीचे पुसावे लागत नाही. आणि कोणाला ही विद्या शिकावीशी वाटली, तर मंगळवारी दुपारी माझ्याकडे या. चहा मी करीन. नाव मात्र तुमचे तुम्ही घाला.