आधी बोलू द्या



आपल्या बॅचमधले बरेच जण डॉक्टर झाले. मी इंजिनीअर झाले आणि गेली काही वर्षं हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते. आज थोडं त्यांच्या कामाविषयी आणि थोडं माझ्या चुकीविषयी बोलते.

दोन वर्षांपूर्वी बाबांची धाप वाढली. हृदयाचं दुखणं जुनंच. मी त्यांना एका हॉस्पिटलात नेलं. तरुण डॉक्टर सभ्य होते, पण नजर स्क्रीनवर. "कधीपासून? ताप? शुगर?" बाबा म्हणाले, "रात्री मला..." तेवढ्यात पुढचा प्रश्न आला. मी स्क्रीनकडे पाहिलं आणि ओशाळले. सगळे रकाने भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. असेच सक्तीचे रकाने मीही बनवले होते. बाहेर पेशंटची रांग, समोर तो फॉर्म; त्या डॉक्टरांनी बाबांकडे बघायचं कधी?

औषधं बदलली, धाप तशीच. आठवड्याने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खुर्ची बाबांकडे वळवली, म्हणाले, "काका, सावकाश सांगा," आणि गप्प बसले. दोन मिनिटंही झाली नसतील. बाबा म्हणाले, "लघवीची गोळी मीच बंद केली. रात्री सारखं उठावं लागतं, हिची झोपमोड होते." हे मलाही माहीत नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी गोळी सकाळी घ्यायला सांगितली. चार दिवसांत बाबा आडवे होऊन झोपू लागले.

अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. पेशंट तक्रार सांगू लागला, की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच थांबवत होते. अठरा सेकंदांत बाबांची गोळी कशी निघणार? करुणा हा मला आजवर स्वभावाचा गुण वाटायचा. आता वाटतं, तो उपचाराचाच भाग आहे. धीर आल्याशिवाय माणूस खरं सांगत नाही, आणि खरं कळल्याशिवाय औषध लागू पडत नाही.

परत आल्यावर मी आमच्या फॉर्ममधले बरेच रकाने ऐच्छिक केले. पहिल्या पानावर आता एकच मोकळी जागा आहे: 'पेशंटच्या शब्दांत'. करुणा सॉफ्टवेअरमध्ये घालता येत नाही, पण तिच्या वाटेतून सॉफ्टवेअर बाजूला घेता येतं.

आपण पेशंट म्हणून जातो, तेव्हा आपणही बंद केलेली गोळी लपवू नये. समोरचा डॉक्टरही सकाळपासून जेवलेला नसेल, हे ध्यानात ठेवावं.

आपले गणिताचे सर आठवतात? फळ्यावर उदाहरण चुकायला लागलं तरी ते अडवायचे नाहीत. "पूर्ण कर, मग बघू कुठे चुकलं," म्हणायचे. आपल्या डॉक्टर मित्रांना माझं एवढंच सांगणं आहे. पेशंटला पूर्ण करू द्या, मग बघा कुठे दुखतंय.