चीनची भरारी आणि सुप्याचा प्रश्न

चीन मोठा झाला तो पाश्चात्त्यांच्या मेहेरबानीनं, असं आपण सहज म्हणून जातो. त्यात तथ्य आहे. १९७८ नंतर चीननं दारं किलकिली केली, तशा परदेशी कंपन्या स्वस्त मजुरीसाठी तिकडे धावल्या. २००१ साली चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि बाजारपेठही मिळाली. भांडवल, यंत्रं, गिऱ्हाईक, बरंचसं पश्चिमेनं पुरवलं.

पण शिकणाऱ्याचं श्रेय शिकणाऱ्यालाच द्यायला हवं. मायडिया या चिनी कंपनीचंच पाहा. १९६८ साली ग्वांगडाँग प्रांतातल्या २३ गावकऱ्यांनी बाटल्यांची झाकणं बनवायला घेतली. पुढे पंखे, मग एअर कंडिशनर. परक्यांसाठी माल बनवता बनवता तंत्र हाती आलं. २०१७ पर्यंत जर्मनीची यंत्रमानव बनवणारी कुका कंपनीच त्यांनी ताब्यात घेतली.

विलिस कॅरियर या अमेरिकी इंजिनिअरनं १९०२ साली आधुनिक वातानुकूलन यंत्र तयार केलं. त्याच्या नावाच्या कंपनीनं २०१२ साली भारतातल्या धंद्यासाठी भागीदार निवडला, तो हाच मायडिया! पुढे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, दुष्काळी पारनेर तालुक्यातल्या सुप्याला मायडियाचा कारखाना उभा राहिला.

कारखाना आला, आनंदच आहे. आयटीआय झालेल्या पोरांना काम हवंच. पण त्यांच्या हाती नुसता पाना राहणार, की उद्या आराखडाही येणार? जमीन, पाणी, सवलती देताना नोकऱ्या किती, हे आपण विचारतो. शिकायला काय मिळणार, हेही तेवढ्याच ठामपणे विचारायला हवं. चीननं ते विचारलं होतं.